पावलांची पोथी

गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळचा पाऊस नुकताच उघडला होता आणि गच्चीवरचे पाणी अजून पुरते सुकले नव्हते. माझी मुलगी त्या ओल्या गच्चीवर एकटीच हातवारे करीत उभी होती. जिन्याच्या तोंडाशी माझी आई वाती वळीत बसली होती. मुलगी मध्येच थांबली, तिने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "आजी, रविवारी माझी पट्ट्याची परीक्षा आहे, आणि मला निम्म्यातच विसरायला होतंय!"

आईच्या बोटांतली वात तशीच राहिली. "पट्ट्याची? मग पट्टा कुठाय तुझा?"

"हा काय!" म्हणून पोरीने कमरेचा निळा पट्टा दाखवला.

"अगं, ह्यो पट्टा न्हवं," आई हसून म्हणाली, "तुझा बाबा ल्हानपणी तालमीत फिरवायचा, त्यो पट्टा म्हंते मी."

मुलगी तायक्वांदो नावाची कोरियन विद्या शिकते. त्या विद्येत विद्यार्थी कोणत्या पायरीवर आहे, हे त्याच्या कमरेच्या पट्ट्याच्या रंगावरून कळते आणि दर पायरीला परीक्षा असते. आईच्या डोळ्यांपुढे मात्र दांडपट्टा उभा राहिला. कोल्हापूरच्या जुन्या माणसाला पट्टा म्हटले की दुसरे काय आठवणार? आमच्या घरात त्या दिवशी एका शब्दावरून जो गोंधळ झाला, त्यातूनच हा लेख निघाला आहे. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेली नाही. दिवसा पोरांकडून पाढे म्हणवून घ्यावेत आणि रात्री कादंबरीची पाने खरडावीत, एवढाच माझा व्यवसाय. पण पाठांतराशी माझा रोजचा संबंध आहे, आणि हा विषय पाठांतराचाच आहे.

मुलगी जे करीत होती, त्याला तिच्या वर्गात 'पॅटर्न' म्हणतात. समोर कोणी नाही, हातात काही नाही. तरी अदृश्य शत्रूंशी ठरलेल्या क्रमाने लढायचे. डावे पाऊल पुढे, हात आडवा. उजवे पाऊल मागे, वळण, मूठ समोर. प्रत्येक पॅटर्नला नाव आहे, हालचालींची संख्या ठरलेली आहे, आणि पावलांनी जमिनीवर उमटणारी आकृतीही ठरलेली आहे. शेवटचा नियम मला सर्वांत आवडला. ज्या जागेवरून सुरुवात केली, नेमके त्याच जागेवर येऊन थांबायचे. वीतभर जरी अंतर पडले, तरी समजावे की वाटेत कोठे तरी पाऊल चुकले.

ती ज्या पॅटर्नमध्ये अडत होती, त्याचे नाव जुंग-गुन. हालचाली ३२. "बत्तीसच का गं?" मी सहज विचारले. तिने जे सांगितले ते ऐकून मी खुर्ची ओढून बसलोच. आन जुंग-गुन हा कोरियाचा देशभक्त. जपान कोरियाचा घास घेऊ पाहत असता, त्या कारस्थानातला प्रमुख मुत्सद्दी इतो हिरोबुमी याला त्याने १९०९ साली हार्बिनच्या स्टेशनवर गोळ्या घातल्या. १९१० च्या मार्चमध्ये त्याला फाशी झाली. तेव्हा त्याचे वय कोरियन हिशेबाने, म्हणजे जन्मताच एक वर्ष धरून, बत्तीस होते. म्हणून हालचाली बत्तीस.

आधीच्या परीक्षेला तिने युल-गोक केला होता. युल-गोक हा सोळाव्या शतकातला मोठा पंडित. तो अडतिसाव्या अक्षांशावर जन्मला म्हणून हालचाली ३८, आणि पावलांची आकृती काढली तर 'विद्वान' या अर्थाचे अक्षर उमटते. पुढे चुंग-मू नावाचा पॅटर्न आहे, तो जपानी आरमाराची दाणादाण उडवणारा सेनापती यी सुन-शिन याच्या नावाचा. हा वीर १५९८ साली ऐन विजयाच्या लढाईत पडला. म्हणून तो पॅटर्न डाव्या हाताच्या वाराने संपतो. मनातले पुष्कळ मनातच राहून गेले, याची ती खूण.

मला, खरे सांगतो, हेवा वाटला. मी वर्गात सनावळ्या घोकून घेतो आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पोरे त्या विसरतात. इथे एका परक्या देशाच्या हुतात्म्याचे वय माझ्या मुलीच्या पायांना पाठ झाले होते.

पण हेव्याबरोबर थोडी चौकशीही करावी, हे बरे. पाहता असे दिसले, की हे पॅटर्न काही हजार वर्षांचे नाहीत. कोरिया १९१० पासून १९४५ पर्यंत जपानच्या अमलाखाली होता. त्या काळात पुष्कळ कोरियन तरुण जपानात कराटे शिकले. त्यांपैकीच चोई होंग ही या लष्करी अधिकाऱ्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वातंत्र्यानंतर या विद्येला नवे रूप दिले. 'तायक्वांदो' हे नाव १९५५ चे. चोईच्या परंपरेतले २४ पॅटर्न हे मुख्यतः त्यानंतरच्या काही दशकांत रचले गेले. म्हणजे ज्यांनी देश घेतला त्यांच्याकडून शिकलेली विद्या, आणि तिला नावे मात्र त्यांच्याशी लढलेल्या वीरांची! यात लबाडी आहे असे मला वाटत नाही. हिसकावून घेतलेली आठवण परत मिळवण्याची ती एक रीत होती.

याहून जुनी गोष्टही कोरियात आहे, आणि ती आपल्याला अधिक जवळची आहे. १५९२ साली जपानने कोरियावर मोठी स्वारी केली. तलवारीच्या हातघाईत कोरियन शिपाई कमी पडू लागले, तेव्हा चिनी लष्करी ग्रंथांच्या आधाराने १५९८ साली सहा शस्त्रांचे एक पुस्तक तयार झाले. १७५९ साली त्या सहांचे अठरा झाले. आणि १७९० साली, म्हणजे आपल्याकडे पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर असताना, जंगजो राजाच्या आज्ञेने 'मुये दोबो तोंगजी' हा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. त्यात २४ विद्या आहेत. पायदळाच्या अठरा आणि घोड्यावरच्या सहा. दोन पंडित आणि एक लढवय्या अशा तिघांनी तो मिळून केला. प्रत्येक पवित्र्याचे चित्र, त्याखाली वर्णन, आणि प्रकरणाच्या शेवटी सगळा क्रम ओळीने मांडलेला. चार भाग चिनी लिपीतले; आणि ज्यांना ती लिपी येत नाही त्यांच्यासाठी साध्या कोरियन लिपीत एक वेगळा भाग. शिपायाला वाचता यावे म्हणून राजाने केवढी ही काळजी घेतली!

आता आपल्या पट्ट्याकडे वळू.

दांडपट्टा हातात न धरलेल्या माणसाला तो लांब तलवारीसारखा वाटतो. तसे नाही. पाते सरळ, दुधारी, लांब आणि लवचिक. मूठ तलवारीसारखी नसून आडवी असते, आणि तीही लोखंडी खोबणीच्या आत. ती खोबण कोपरापर्यंतचा हात झाकून टाकते. त्यामुळे मनगट जागच्या जागी जखडले जाते. तलवारबाज मनगटाने जी करामत करतो, ती पट्टेकऱ्याला करता येत नाही. त्याचा वार खांद्यातून, कमरेतून आणि खरे म्हणजे पायांतून निघतो. शिवाय एवढे लांब पाते वेगात फिरत असताना मध्येच थांबवून उलट वळवणे अवघड. म्हणून एका वारातून दुसरा वार निघाला पाहिजे, आणि तो निघण्यासाठी पाऊल आधीच योग्य जागी पडले पाहिजे. पट्ट्याच्या विद्येत पवित्र्याला एवढे महत्त्व आहे ते यासाठी. आपण बोलताना 'अमक्याने पवित्रा बदलला' असे म्हणतो. तो शब्द मूळचा आखाड्यातला, पायांचा.

पन्हाळगडाहून विशाळगडाकडे जाताना १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभूंनी खिंड अडवली. दोन्ही हातांत पट्टे घेऊन ते लढले असे परंपरा सांगते. त्याआधी, १६५९ च्या नोव्हेंबरात, प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा पट्टा महाराजांवर उगारला गेला आणि जिवा महालाने तो हात वरच्या वर तोडला. या गोष्टी घरोघर ठाऊक आहेत. पण तो पट्टा शिकवला कोणी, कसा शिकवला, कोणत्या क्रमाने शिकवला, हे कोणत्या बखरीने सांगितले आहे? लढाई लिहिली गेली. तालीम लिहिली गेली नाही. शिकवणारे बहुधा लिहिणाऱ्यांतले नव्हते आणि लिहिणारे शिकणाऱ्यांतले नव्हते.

१८१८ साली पेशवाई बुडाली. मराठी राज्याच्या फौजा मोडल्या आणि त्यांबरोबर या विद्येचे प्रयोजनही संपले. कोल्हापूरचे राज्य राहिले, पण १८४४ साली गडकऱ्यांनी सामानगडावर बंड उभारले, ते मोडले. १८५७ साली इथल्या पलटणीने उठाव केला, तोही मोडला, आणि चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले. इंग्रजी मुलुखात १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. शस्त्र गेले, सैन्य गेले, शत्रूही बदलला. अशा वेळी विद्या मरते. ही मेली नाही, कारण ती ज्यांच्या पायांत होती त्यांनी ती दुसऱ्यांच्या पायांत घातली.

पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. पुरंदरच्या पायथ्याशी, मांग समाजातल्या लढवय्या घराण्यात १७९४ साली त्यांचा जन्म झाला, आणि १८८१ साली ते वारले. जोतीराव फुले यांनी तरुणपणी त्यांच्याकडे दांडपट्ट्याचे धडे घेतले. बडोद्यास राजरत्न माणिकरावांनी जी व्यायामशाळा नावारूपास आणली, ती जुम्मादादा या मुसलमान वस्तादांच्या नावाने चालते. 'वस्ताद' हा शब्द तरी कोठला? 'उस्ताद' या फारसी शब्दाचे ते आपले मराठी रूप. या पोथीची पाने कोणकोणत्या घरांत जपली गेली, हे यावरून ध्यानात येईल.

आणि कोल्हापुरात ती जपली तालमींनी. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, हे सर्वश्रुत आहे. कुस्तीच्या त्या वैभवाच्या सावलीत, पेठापेठांच्या तालमींतून, लाठी, फरीगदका, पट्टा, बनेठी, आणि मनगटाला दोरी बांधून फेकायचा व पुन्हा ओढून घ्यायचा विटा हे सारे टिकून राहिले. गणपतीची मिरवणूक, शिवजयंती, दसरा, आणि पुष्कळ तालमींत मोहरमचे पंजेसुद्धा. या प्रत्येक निमित्ताने ते रस्त्यावर येत राहिले. लोकांनी त्याला नाव दिले 'मर्दानी खेळ'. हा 'खेळ' शब्द मोठा उपकारक ठरला. युद्धकला म्हटली असती तर सरकारचे डोळे वटारले असते. खेळावर कोण बंदी घालणार?

पण उपकाराची किंमत द्यावी लागतेच. खेळ म्हटला की बघे आले, आणि बघ्यांना आवडते ते वाढत गेले. माणसाच्या तळहातावरचे लिंबू पट्ट्याने कापायचे, डोळे बांधून नारळ फोडायचा, पेटती बनेठी रात्री गरगर फिरवायची. यांत कौशल्य आहे, मी त्याला नावे ठेवीत नाही. मात्र लिंबू कापले की टाळी पडते. त्याआधीच्या चाळीस पावलांना टाळी पडत नाही. ज्याला टाळी पडत नाही ते हळूहळू गळते.

हे मी ऐकीव सांगत नाही. ते गळण्यात माझाही हात आहे.

१९९० च्या सुमारास मी आमच्या पेठेतल्या तालमीत जाऊ लागलो. आमचे वस्ताद दिवसा गुळाच्या बाजारात हमाली करीत आणि पहाटे आम्हां पोरांना शिकवीत. अक्षरशत्रू माणूस; सही म्हणून अंगठा. पहिले वर्षभर त्यांनी आमच्या हातात काठीसुद्धा दिली नाही. नुसती पावले. तालमीच्या अंगणात चुन्याची एक फुली काढायची आणि तिच्यावर उभे राहून सुरुवात करायची. "डोस्क्यात ठेवू नगंस, पायात ठेव," असे ते म्हणत. "डोस्कं घाबरतं, पाय घाबरत न्हाईत." मग काठी आली, मग फरीगदका आला. एका कानशिलावरचा वार तो तमाचा, दुसऱ्या बाजूचा तो बाहेरा, माथ्यावरचा तो शीर. ही नावे ओरडून ते वार घालीत आणि आम्ही अडवीत असू. पट्टा हाती आला तो चौथ्या वर्षी.

त्यांचा एक लांब क्रम होता. त्याला ते नुसते 'फेर' म्हणत. त्यांच्या वस्तादांकडून तो त्यांना मिळाला होता. चारी दिशांना जाऊन, चौफेर वार करून, पट्टेकरी शेवटी पुन्हा चुन्याच्या फुलीवर यायचा. मी तीन चतुर्थांश फेर शिकलो आणि दहावीचे वर्ष आले. वस्ताद म्हणाले, "परीक्षा झाली की ये. शेवटचा तुकडा ऱ्हायलाय तुझा."

परीक्षा झाली. मी गेलो नाही. आधी नोकरीची खटपट, मग लग्न, मग संसार. कारणे कोणाला कमी पडतात? रस्त्यात भेटले की ते एवढेच विचारीत, "कवा येतोस?" आणि मी म्हणे, "येतो की वस्ताद, या दिवाळीनंतर." अशा पुष्कळ दिवाळ्या गेल्या. मग एके दिवशी त्यांना पोचवायला पंचगंगेच्या घाटावर गेलो, तेव्हा खांदा देताना माझ्या ध्यानात आले की माझा शेवटचा तुकडा या तिरडीवर चालला आहे.

त्या श्रावणातल्या संध्याकाळी मुलगी एकविसाव्या हालचालीला अडत होती आणि दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करीत होती. "तिथूनच का धरीत नाहीस?" असे मी विचारले खरे, पण उत्तर मला ठाऊक होते. वर्गात एखाद्याला 'सात नव्वे?' विचारले, तर तो मनात सात एके सातपासून धावत येतो. पाठ केलेली गोष्ट साखळीसारखी असते. मधली कडी एकटी हाती लागत नाही, आधीची ओढली की ती येते. आमच्या आज्यांना निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी येत होत्या त्या अशाच. वेदपाठी ब्राह्मण तर पदे सरळ, उलट, पुन्हा सरळ अशी गुंफून म्हणत, ती एवढ्यासाठीच की एक अक्षर निसटले तरी साखळी अडावी आणि चूक उघडी पडावी. पाठांतर ही स्मरणाची जशी युक्ती, तशी तपासणीचीही.

मुलीला दाखवावे म्हणून मी कोपऱ्यातली काठी उचलली आणि फेर धरला. तीस वर्षे उलटून गेली होती. डोक्याला काहीच आठवत नव्हते; पाय मात्र चालू लागले. पहिली दिशा झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग पाय एकदम थांबले. पुढे भिंत असावी तसे.

आई म्हणाली, "वस्तादांचा फेर न्हवं ह्यो? पुढचा कुठाय?"

त्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. मी जुने सोबती शोधून काढले. एक रिक्षा चालवतो, एकाची म्हशींची गोठ्याची धार आहे, एक उद्यमनगरात फौंड्रीत आहे. एका रविवारी चौघे आमच्या गच्चीवर जमलो. चहा झाला, पोटे सुटल्याची थट्टा झाली, आणि आम्ही फेर धरला. तिघांपैकी दोघांना शेवटचा तुकडा थोडा थोडा येत होता, आणि तो येत होता वेगवेगळा! रिक्षावाला म्हणे, चौथ्या दिशेला वळताना डावे पाऊल मागे पडते. फौंड्रीवाला म्हणे, पुढे. दोघेही वस्तादांची शपथ घेऊ लागले. आता निवाडा कोणी करावा?

मुलगी खडू घेऊन आली. तिने फुली काढली आणि म्हणाली, "काका, दोघंही करून दाखवा. जो फुलीवर परत येईल तो बरोबर." दोघांनी केले. फौंड्रीवाला पाणी तापवायच्या बंबापाशी जाऊन पोचला. रिक्षावाला फुलीच्या पुष्कळ जवळ आला. मात्र फुलीवर नाही. पावलाभराचे अंतर राहिले आणि अर्धे वळण. म्हणजे डावे पाऊल मागेच होते, पण कोठे तरी दोन हालचाली गळाल्या होत्या. त्या कोणत्या, ते चौघांपैकी कोणालाही सांगता आले नाही.

ज्यांनी हा फेर बांधला त्यांनी किती शहाणपणाने तो बांधला होता, हे मला त्या दिवशी कळले. शिकवणारा गेल्यावरही चूक कोठे आहे, हे सांगण्याची सोय त्यांनी फेरातच करून ठेवली होती. पण चूक दाखवणे वेगळे आणि हरवलेले परत देणे वेगळे.

मग मला ते कोरियाचे पुस्तक आठवले. ते असते तर? थोडा विचार केल्यावर वाटले, नुसते पुस्तकही पुरत नाही. १९०७ साली जपानने कोरियाची जुनी फौज बरखास्त केली. पुढे ज्या मंडळींनी त्या ग्रंथातले हात पुन्हा उभे करायला घेतले, त्यांना पुष्कळसा भार चित्रांवर टाकावा लागला. चित्रात पवित्रा दिसतो. एका पवित्र्यातून दुसऱ्यात माणूस कसा गेला, ते दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत राहते. ती जागा भरायला कोणाचे तरी पाय लागतात. त्यांच्याकडे पोथी राहिली आणि चालणारे पाय तुटले. आपल्याकडे पाय राहिले आणि पोथी नव्हती. बडोद्यास करंदीकर-मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले, आणि आपल्या देशी व्यायामाच्या पुष्कळ गोष्टी प्रथमच छापून आल्या. हे काम डोंगराएवढे आहे. पण पेठेपेठेतला वस्ताद आपला आपला फेर बांधतो, तो कोशात कोठून येणार? तो त्याच्या पोरांनीच लिहायचा.

अलीकडे या वारशाला मान मिळतो आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावे जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यांत आपला पन्हाळाही आहे. कोरियाचे ते पुस्तकही २०१७ पासून जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदले गेले आहे. आनंद वाटतो. पण तटबंदीची डागडुजी सरकारला करता येते. शस्त्र काचेच्या कपाटात ठेवता येते. तटावर उभ्या राहिलेल्या माणसाचे पाऊल कसे पडत होते, ते कोणत्याही कपाटात मावत नाही. ते दर पिढीला एका जिवंत माणसाच्या पायांतून दुसऱ्याच्या पायांत जावे लागते, आणि एका दहावीच्या परीक्षेच्या निमित्ताने ते थांबूही शकते.

आम्ही चौघांनी एक केले. मुलीने शाळेची चौकटीची वही आणली. उजवे पाऊल भरीव, डावे पोकळ, बाण म्हणजे वळण. अशा खुणांनी सबंध फेर तिने त्या वहीत उतरवला. वाराची नावे आम्ही सांगितली. जिथे दोन हालचाली गळाल्या आहेत तिथे फौंड्रीवाला म्हणाला, "आपल्या मनानं घालूया की काहीतरी, पोरांस्नी काय कळतंय?" त्यावर रिक्षावाल्याने मान हलवली. "वस्ताद इचारतील," एवढेच तो म्हणाला. ती जागा आम्ही कोरी सोडली. दसऱ्याला तालमीच्या अंगणात नव्या पोरांना फेर दाखवला, तेव्हा त्या ठिकाणी दोन अंक मोजेपर्यंत आम्ही स्तब्ध उभे राहिलो आणि मग पाऊलभर सरकून फुलीवर आलो. पोरांना वाटले, तीही एक रीतच असेल. आम्ही त्यांना खरे काय ते सांगितले. कोल्हापुरात किंवा आणखी कोठे, आमच्या वस्तादांच्या वस्तादांकडे शिकलेल्या कोणाच्या घरी ती दोन पावले अजून चालत असतील, तर आमच्या वहीत त्यांच्यासाठी जागा राखलेली आहे.

मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली. बत्तिसावी हालचाल करून ती नेमकी सुरुवातीच्या जागेवर थांबली, असे तिने घरी येऊन आजीला मोठ्या अभिमानाने सांगितले. आजीने तिच्या हातावर साखर ठेवली आणि विचारले, "आता ह्यो दुसरा पट्टा कवा शिकणार?" रविवारी सकाळी ती आता माझ्याबरोबर तालमीत येते.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा अंगणात पोरांनी मातीचा किल्ला घातला असेल. त्यावर पट्टा उगारलेला एखादा रंगीत मावळा उभा असेल. कारागिराने त्याला एकाच पवित्र्यात घडवला. पुढचे पाऊल टाकणे त्या बिचाऱ्याच्या हाती नाही. फराळाची ताटे होण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा, 'याचे पुढचे पाऊल कोणते?' कदाचित आजोबा पान बाजूला ठेवून उठतील. उठले, तर त्यांना सबंध फेर करू द्या, आणि जवळ एक वही असू द्या.